शाहीन, आपलं भांडण राहून गेलं

शाहीन, परवा सकाळी मी एकटीच हिमायत बागेत गेले. आपण जिथं थांबायचो त्या फरशीपाशी ते निवृत्त तलाठी काका भेटले, हात हवेत फिरवत चालणारे. "पाणीवाल्या मॅडम दिसंनात?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "त्या गेल्या, काका." "गावाला व्हय? कधी येनार?" मग मला तेच वाक्य पुन्हा, नीट फोड करून सांगावं लागलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि कोरड्या फरशीकडं बघत उभे राहिले.

"त्या नेमकं काय लिहायच्या?" मग त्यांनी विचारलं.

"चिनी अक्षरं."

"ते दिसतच हुतं हो. पन कशापायी?"

कशापायी. तुझं-माझं सगळं आयुष्य ह्याच शब्दावर भांडण्यात गेलं. बागेत उभ्या उभ्या मला काही सांगता आलं नाही. म्हणून आज तुझ्याशीच बोलायला बसले आहे.

आपली गाठ कॉलेजात पडली, अक्षरलेखनाच्या तासाला. मी पाचोडहून एसटीनं येणारी शेतकऱ्याची पोर, हातात फूटपट्टी आणि कडक शिसाची पेन्सिल. आधी वर-खाली दोन रेघा आखायच्या, त्यांच्यामध्ये अक्षर बसवायचं, शिरोरेघ ओढली की काम झालं. तू शेजारी बसायचीस बोरू घेऊन. तुझे दादा, म्हणजे आजोबा, उर्दू लग्नपत्रिका लिहायचे. त्यांनी तुला अक्षर ठिपक्यांनी मोजायला शिकवलं होतं. अलिफ इतक्या ठिपक्यांचा, बे इतक्या ठिपक्यांची, त्यात तसूभर फरक चालायचा नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणलं, ही आपल्यासारखीच शिस्तीतली आहे, हिच्याशी जमेल.

आणि मग तुला ती शिष्यवृत्ती मिळाली. चीनला, हांगचौला, अक्षरलेखन शिकायला. तुझ्या घरात रडारड झाली. अम्मी जेवेनात. मी कागजीपुऱ्याला तुमच्या घरी आले होते त्या दिवशी. अब्बा हौदात हात घालून कागदाचा ताव उचलत होते. लगद्यातून साचा वर काढला, पाणी निथळू दिलं, आणि मान वर न करताच म्हणाले, "कागद वहीं से आया बोलते. जा, देखके आ. और हमने उसका क्या किया, वो भी बता उनको." झालं. त्यापुढं कुणाची बोलायची टाप नव्हती. तू गेलीस तेव्हा आपल्या शहराच्या स्टेशनावर औरंगाबाद लिहिलेलं होतं आणि तुझ्या ट्रंकेवर तुझं नाव मी रंगवलं होतं, दोन्ही रेघा आखून.

परत आलीस तेव्हा हसणं तेच होतं, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारं. लिहायला बसणं मात्र बदललं होतं. गारखेड्यात तुझ्या भावाच्या, रफीकभाईंच्या घरी वरच्या खोलीत तू मला समोर बसवलंस. काळ्या दगडावर दोन थेंब पाणी टाकलंस आणि शाईची कांडी गोल गोल घोटत राहिलीस. मला घाई. शाळेत मला पोरांना चित्रकला शिकवायला जायचं होतं.

"अगं, शाई बाटलीत मिळती की."

"शाई कौन घोट रहा है?" तू म्हणालीस. "सकाळपासून डोक्यात जे जे साचलंय ना सुमन, ते घोटतीये. ते बसल्याशिवाय कुंचला उचलायचा नाही."

मग मला आडवी रेघ मारायला सांगितलंस. एवढीच. मी डावीकडून सुरू केली आणि सरळ उजवीकडं नेली. दुकानांचे बोर्ड रंगवून रंगवून माझा हात पक्का होता, मला वाटलं वा म्हणशील. तू म्हणालीस, "गलत." उजवीकडं जायचं तर कुंचला आधी किंचित डावीकडं जाऊ द्यायचा, मग वळवायचा, म्हणजे त्याचं टोक रेघेच्या पोटात लपतं आणि रेघेला आतून जोर येतो. शेवटालाही तसंच, जरा मागं वळून थांबायचं. मी विचारलं, असं का? तेव्हा पहिल्यांदा तुझ्या तोंडून ताओ हा शब्द ऐकला. ताओ म्हणजे वाट, तू म्हणालीस, आणि त्या वाटेवरच्या लोकांचं म्हणणं असं की प्रत्येक गोष्ट तिच्या उलट्या बाजूनं सुरू होते. उडी मारायला आधी खाली बसावं लागतं. श्वास सोडायला आधी घ्यावा लागतो. हे त्यांनी ग्रंथात लिहिलं ते लिहिलंच, शिवाय एका साध्या रेघेत घालून ठेवलं. पोरं ती रेघ गिरवतात आणि न कळत ते शिकतात.

हे मला आवडलं होतं. तुला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी शाळेत जाऊन फळ्यावर तशी रेघ मारून बघितली होती.

भांडण सुरू झालं ते पुढच्या गोष्टीवरून. वू वेइ. न करणं. पाण्याला उतारावरून कुणी ढकलत नाही, ते आपसूक जातं, तसा हात गेला पाहिजे, असं तुझे हांगचौचे म्हातारे मास्तर सांगायचे. तुझा हात बघून ते म्हणाले होते, तू अक्षर काढतेस, अक्षर येऊ देत नाहीस. दादांच्या ठिपक्यांची सवय मोडायला तुला सगळा हिवाळा लागला. तू मला त्यांच्या जुन्या काळातल्या अंमलदारांच्या गोष्टी सांगायचीस. दरबारात असेपर्यंत त्यांचं अक्षर कसं ताठ, चौकोनी, कमरपट्टा आवळल्यासारखं. आणि मग कुणीतरी दरबार सोडून डोंगरात जायचा, ताओवाल्या साधूंच्या संगतीत बसायचा, आणि त्याचं अक्षर सैल व्हायचं, वाकायचं, एकाचा हात धरून दुसरं धावायला लागायचं. त्या धावत्या लिपीला ते गवताची लिपी म्हणतात. वारा सुटल्यावर गवत जसं एकदम एका अंगाला झुकतं, तशा तिच्या ओळी.

"वाचता येती का ती?" मी विचारलं होतं.

"नेहमी नाही येत."

"मग कशापायी लिहायची?"

तू कुंचला खाली ठेवलास. "सुमे, तुला माणूस भेटला की तू त्याला वाचतेस का बघतेस?"

"मला बोर्ड वाचता आला पाहिजे. दवाखाना लिहिलंय का दुकान लिहिलंय, हे माणसाला लांबून कळलं पाहिजे."

"तेच तर. तू बोर्ड लिहितेस."

हे मला लागलं होतं. पण मीही गप्प बसणारी नव्हते. मी म्हणलं, न करणं हे म्हणायला ठीक आहे, पण त्यापायी तू गठ्ठ्यानं कागद काळे केलेस त्याचं काय? हे न करणं आहे का? हे तर माझ्यापेक्षा जास्त करणं झालं. तू हसायला लागलीस. "कागद अब्बाका था," म्हणालीस. आणि ते खरंच होतं. अब्बांनी तुझ्यासाठी खळ न लावलेला कागद काढायला सुरुवात केली होती. उर्दूसाठी ते कागदाला खळ लावून, दगडानं घोटून काचेसारखा करायचे. तुझ्यासाठी उलटं, मऊ, शाई पिणारा, कुंचला क्षणभर रेंगाळला तरी डाग पसरणारा. अब्बा म्हणायचे, पोरीपायी मला चांगला कागद खराब करायला शिकावं लागलं.

पाचोडचा बाजार आठवतो का तुला? चीनहून आणलेल्या कुंचल्याचे केस गळून गेले आणि तू हट्ट धरलास की आपण बनवू. तिकडं ते बकरीच्या केसांचे करतात, मग आपल्याकडं बकऱ्या काय कमी आहेत? रविवारी तू माझ्या माहेरी आलीस. भाकरी-पिठलं खाल्लंस आणि आपण आठवडी बाजारात गेलो. तू एकेका बोकडापुढं वाकून त्याची दाढी बोटांत धरून बघायला लागलीस. लोक गोळा झाले. बोकडवाला आधी खूश झाला, मग बुचकळ्यात पडला.

"बाई, दात बघत्यात गिऱ्हाईकं. तुमी दाढी काऊन बघू लागले?"

"बोकड नको दादा. दाढीच पाहिजे."

"नुसती दाढी?"

"व्हय. पांढरी. लांब केसांची."

तो माझ्याकडं वळला. मी गावातलीच म्हणून त्याला माझा भरवसा. "ताई, ह्या पाव्हण्या बऱ्या हायेत ना?" मला हसू आवरेना. शेवटी त्यानं कात्री मागवली आणि बोकडाला म्हणाला, "थांब बाबा, तुझं नशीब लई भारी. मान ऱ्हायली, दाढी गेली." त्या केसांचा कुंचला तू वेळूच्या कांडीत लाखेनं बसवलास. भिकार झाला होता. प्रत्येक रेघेत एक केस सोडायचा. तू म्हणालीस, ह्याला अजून पाचोडचा बाजार आठवतोय, म्हणून ऐकत नाही. पुढचे चांगले झाले, पण मला जवळचा वाटतो तो पहिलाच.

पोटासाठी तू चितेगावच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून जायचीस, यंत्रं बसवायला चिनी इंजिनियर यायचे तेव्हा. दिवसभर बोल्ट आणि पट्ट्यांची चिनी बोलून यायचीस आणि सांजच्याला शाई घोटायला बसायचीस. गावात तुझं अक्षर बघणारं कोण होतं? मी, आणि तू घरी घ्यायचीस त्या अक्षरांच्या क्लासला येणाऱ्या चार-पाच बायका. तरी एकदा आपण प्रदर्शन भरवलं. भिंतभर उंचीचा एक कागद होता, त्यावर एकच अक्षर. आदल्या दिवशी मला दिसलं, कोपऱ्यात शाईचा एक टपोरा थेंब पडलाय. मी पांढरा रंग घेऊनच आले.

"हात लावू नको," तू म्हणालीस.

"अगं, कुणाला कळणारपण नाही."

"मला कळेल. कागदालापण कळेल. एकदा कुंचला गेला की गेला, सुमन. परत जाऊन डागडुजी करायची नाही. त्या वेळी मी जशी होते तशी आहे ती."

"त्या वेळी तू बावळट होतीस, थेंब सांडलास."

"हां. तो वोही दिखेगा."

दुसऱ्या दिवशी एक प्राध्यापक त्या कागदापुढं बराच वेळ उभे राहिले. मग अदबीनं विचारलं, "मॅडम, ह्या ठिपक्याचा काही गूढ अर्थ?" मी जीव मुठीत धरून ऐकत होते. वाटलं, आता तू ताओ काढणार. तू म्हणालीस, "नाही सर. सांडलं." मला तू इतकी कधीच आवडली नव्हतीस.

इथपर्यंतचं सगळं आठवताना बरं वाटतं. पुढचं बोलायला जड जातं.

गेल्या वर्षी एका दुपारी रफीकभाईंच्या घरून रुखसानाभाभींचा फोन आला. तू जिना उतरताना बसून गेलीस ती उठलीच नाहीस. अर्धांगवायू. वाचा आठवड्याभरात बरीचशी परत आली, पायही थोडा उचलायला लागला, पण उजवा हात तसाच राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी तुझ्या मांडीवर ठेवल्यासारखा. डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले की आता फार आशा धरू नका.

मी रोज यायचे. तू भिंतीकडं तोंड करून पडायचीस. दगड, कांडी, कुंचले सगळं भाभींना माळ्यावर टाकायला लावलं होतंस. एके दिवशी मला राहवेना. मी म्हणाले, "शाहीन, तूच सांगायचीस ना, पाण्यासारखं. अडलं की वळसा घालून जातं." माझ्या तोंडून तुझंच बोलणं निघत होतं. इतकी वर्षं मी ज्याच्याविरुद्ध भांडले ते मी तुला शिकवत होते.

तू मान वळवलीस. शब्द अजून जड होते, एकेक ढकलत बोललीस. "ज्ञान नको. ते सगळं हात असताना बोललेलं आहे. माझा हात दे मला."

मी उठून खाली आले. भाभी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी चहा ठेवला. मला पहिल्यांदा वाटलं की आपलं भांडण संपलं, आणि मीच बरोबर होते. असं वाटून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मग तो फेब्रुवारीतला दिवस. मी वर आले तर तू गच्चीत उभी. डाव्या काखेखाली आधाराची काठी, डाव्याच हातात भाभींचा फरशी पुसायचा लांब दांड्याचा पोछा, आणि समोर ओली आडवी रेघ. वाकडी, थरथरलेली, मध्येच तुटलेली. भाभी दारात उभ्या होत्या, मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तू पोछा बादलीत बुडवलास, कसाबसा उचललास, आणि रेघ सुरू करायच्या आधी तो किंचित उलट्या बाजूला नेलास.

मग तुझं आमच्याकडं लक्ष गेलं. चिडून म्हणालीस, "काय बघताय? फरशी पुसतीये."

त्याच दिवशी तू मला हांगचौच्या बागेतले म्हातारे सांगितलेस. सकाळी सकाळी लांब काठीला स्पंज बांधून पाण्यानं फरशीवर लिहिणारे. लिहून पुढं सरकायचे, मागचं वाळत जायचं. तू तरुण होतीस, तुला वाटायचं की ही पेन्शनरांची करमणूक आहे, खरं अक्षर कागदावर. तुझे मास्तर तुला मुद्दाम तिकडं पाठवायचे आणि तू जायची नाहीस. "पागल थी मैं," तू म्हणालीस. "ते अख्खं ताओ फरशीवर ओतत होते, आणि मला वाटायचं टाइमपास करतायत."

आपण हिमायत बागेत जायला लागलो. रफीकभाई सोडायचे, मी बादली आणि स्पंज बांधलेली काठी धरायचे. तुझा डावा हात पोरासारखा लिहायचा. एक अक्षर काढायला तुला घाम फुटायचा, आणि उन्हं वर आली की ते बघता बघता उडून जायचं. लोक थांबायचे. कुणीतरी मोबाइल काढायचा, तोवर निम्मं गेलेलं असायचं. एक बाई हळहळली, "अरेरे, इतकी मेहनत वाया." तू तिला म्हणालीस, "वाया कुठं? तुम्ही बघितलं ना?" तुझ्या आवाजात मला शिकवणं जाणवलं नाही. तू खरंच तिला विचारत होतीस.

त्या अक्षरांबद्दल एक सांगायचं राहिलं. शाहीन, ती तुझ्या आधीच्या अक्षरांपेक्षा चांगली होती असं मी म्हणणार नाही. लोक म्हणतील, त्यांना म्हणू दे. तुझा उजवा हात ग्रेट होता आणि तो गेला ह्याचं मला दुःख आहे, त्यावर कुठल्याही ताओचं पांघरूण मला घालायचं नाही. पण ती लिहिताना तुझा चेहरा मी जवळून बघितला आहे. आधी तू लिहिताना भुवया आवळायचीस, न करण्याची केवढी कोशिश करायचीस. बागेत तू नुसती लिहायचीस. एवढंच मी बघितलं, एवढंच सांगते.

शेवटच्या आठवड्यात तू मला म्हणालीस, आता तू लिही. तुझं नाव. मी काठी घेतली आणि सुमन लिहिलं, आणि वर शिरोरेघ ओढली.

"आली का परत रेघ?" तू म्हणालीस. "एक दिवस अक्षरांना उघड्यावर राहू दे."

"आमच्या अक्षरांना छप्पर लागतं. त्याला धरूनच ती एकत्र राहतात. तुझी चिनी अक्षरं एकेकटी सुखी असतील."

मी वाट बघत होते. तू काहीतरी बोचरं बोलशील, मग मी बोलेन, मग तलाठी काका मध्ये पडतील. तू माझ्या नावाकडं बघत राहिलीस, ते वाळेपर्यंत. मग म्हणालीस, "तुझं बरोबर असेल, सुमन."

 इतक्या वर्षांत तू हे कधी म्हणाली नव्हतीस. मी गाडीत बसताना म्हणालेही, "असं काय बोलतेस? भांड की." तू दमलेली होतीस, मान मागं टाकून डोळे मिटलेस. शुक्रवारी पहाटे दुसरा झटका आला आणि तू गेलीस.

जनाजा निघाला तेव्हा मी घरात बायकांमध्ये बसले होते. भाभींनी माझा हात धरून ठेवला होता. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही मरहूमच्या कोण? भाभीच म्हणाल्या, "बहन है."

तुझे आभार मानायला पाहिजेत, पण कशाकशाचे? माझी रेघ पक्की होती, ती तू हलवलीस म्हणून. माझ्या बोर्डांना कधी नावं ठेवलीस, तरी प्रत्येक बोर्ड बघायला आलीस म्हणून. शाळेतल्या पोरांना मी आता अक्षरांमधली मोकळी जागाही काढायला लावते. विहीर म्हणजे तरी काय, न भरलेली जागाच, असं तू म्हणायचीस. मी ते तुझं नाव न सांगता वापरते. आणि शिरोरेघही ओढायला लावते. दोन्ही.

काल कागजीपुऱ्याला गेले. अब्बा आता हौदावर जात नाहीत, गुडघे गेलेत. अंगणात बाजेवर बसले होते. मला वाटलं होतं ते रडतील, मी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग विचारलं, "तुम दोनोंका झगडा मिटा क्या आखिर में?"

मी खोटं बोलू शकले असते. तू शेवटी काय म्हणालीस ते सांगितलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं कदाचित. पण ते बोलणं मला मंजूर नाही, शाहीन. ते दमलेल्या माणसाचं बोलणं होतं, तुझं नव्हतं.

"नाही अब्बा," मी म्हणाले. "राहिलंच."

"अच्छा हुआ." त्यांनी बाजेवर सरकून मला जागा केली. "मिट गया होता तो तू काहे को आती? बैठ. अब बता, वो क्या बोलती थी और तू क्या बोलती थी."